उत्तरेकडची पानगळ: फोटोत न येणारी

रानजाई | ५ ऑक्टोबर

काल बहिणीचा निरोप आला, "तुमच्याकडे आता ते लाल-पिवळं सुरू झालं असेल ना? फोटो टाक की!" टाकला. तळ्याकाठचे सोनेरी बर्च, मागे निळंशार पाणी. घरच्या ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. काकूनं लिहिलं, "स्वर्ग गं बाई!" आता फोटोत काय आलं नाही ते सांगते. बोटं इतकी गारठली होती की फोनला माझा स्पर्श कळेना. उजव्या बुटात पाणी गेलं होतं. आणि दिवसभरात ऊन म्हणून जे काही पडलं ते तेवढी वीस मिनिटं.

ताम्पेरेमधलं हे माझं सातवं वर्ष. ताम्पेरे म्हणजे फिनलंडमध्ये, हेलसिंकीपासून रेल्वेनं उत्तरेला दीड-पावणेदोन तास, दोन मोठ्या तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव. मी मूळची वाईची. ऋतू तीन, आणि चौथा गणपतीचा, एवढंच शिकून आलेली.

पानांच्या या रंगपालटाला इथे खास शब्द आहे, रुस्का. तो आधी लॅपलंडमध्ये, म्हणजे पार उत्तरेला, येतो, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तिकडे झाडं विरळ आणि खुरटी, त्यामुळे जमीनच लाल होते: बिलबेरीची झुडपं, गुडघ्याएवढे बुटके बर्च. त्याला मारुस्का म्हणतात, भुईचा रुस्का. मग हा रंग दक्षिणेकडे सरकत सरकत सप्टेंबरअखेरीला आमच्याकडे पोचतो. आठ-दहा दिवस टिकतो. मग एका रात्री वारा सुटतो आणि सकाळी सगळं खाली.

त्यापुढचं कुणी बोलत नाही. ऑक्टोबरचं फिनिश नाव लोकाकू. 'लोका' म्हणजे चिखल. नोव्हेंबर म्हणजे मर्रासकू, मेलेला महिना. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता.

पण चिखलाचं काही नाही हो, चिखल आपण पाहिलेला असतो. उजेडाचं काय करायचं ते कळत नाही. मुंबईत दिवस लहान होतो तो जास्तीत जास्त रोज एखाद मिनिटानं. कुणाच्या गावीही नसतं. इथे या दिवसांत रोज जवळजवळ सहा मिनिटं जातात, म्हणजे आठवड्याला चाळीस. गेल्या सोमवारी ज्या उजेडात बस पकडली तो या सोमवारी नसतो. डब्यातली साखर रोज कुणीतरी चिमूट चिमूट पळवावी आणि आपल्याला डबा हातात घेतल्यावर कळावं, तसं. डिसेंबरात तळ गाठतो तेव्हा दिवस जेमतेम सव्वापाच तासांचा उरलेला असतो.

पहिल्या वर्षी मी थंडीचे कपडे म्हणून मुंबईहून सगळं काळं आणलं होतं. काळा कोट, काळी पँट, काळी पर्स. थंडीचे कपडे काळेच असतात असं का वाटलं होतं कोण जाणे. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी (संध्याकाळ कसली, साडेचार वाजले होते) जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. तोवर आमचं बोलणं 'मोई'च्या, म्हणजे 'नमस्कार'च्या, पुढे गेलेलं नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्वतःच्या पिशवीला लटकवलेला चकचकीत प्लास्टिकचा तुकडा काढला, पिनेनं माझ्या कोटाला लावला आणि निघून गेल्या. मला वाटलं काही धार्मिक असेल. नवऱ्यानं सांगितलं, अगं तो रिफ्लेक्टर आहे. अंधारात पायी चालणाऱ्यानं तो लावावा असं इथे कायदाच सांगतो. गाडीच्या दिव्यात तो चमकतो आणि तू दिसतेस. नाहीतर दिसत नाहीस.

"नाहीतर दिसत नाहीस" हे वाक्य मी बरेच दिवस घोळवत होते. त्याला फक्त रस्त्याबद्दल बोलायचं होतं.

मग ताल्कोत. जिन्यात एक कागद चिकटवलेला, खाली शनिवारची तारीख. फोननं भाषांतर केलं तर 'सामूहिक स्वयंसेवा, दंताळे उपलब्ध' असं काहीतरी निघालं. म्हटलं जाऊन बघू. सोसायटीतली पंधरा-वीस माणसं अंगणातली पानं ओढत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझ्याही हातात दंताळं आलं. दोन तास ओलं पान ओढलं. ओलं पान किती जड असतं ते ओढल्याशिवाय कळायचं नाही. मग शेकोटी, त्यावर सॉसेजेस. माझ्यासारखीला कॉफी आणि वेलचीचा पाव. वेलचीचा! त्या गार अंगणात वेलचीचा वास आला आणि मला एकदम रडूच फुटलं. शेजारचा माणूस घाबरून अजून एक पाव घेऊन आला.

आपल्याकडे गावात इर्जिक असायचं ना, एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं आणि शेवटी जेवण? तेच. फरक इतकाच की इर्जिकात गाणी असतात, इथे दंताळ्याचा आवाज.

तेव्हापासून माझं असं झालंय की पानगळ ही बघायची गोष्ट वाटेनाशी झालीय. ती करायची कामं आहेत. पानं ओढायची, टायर बदलायचे, बुटांना मेण लावायचं, रानात जाऊन डबे भरून बेरी आणायच्या, दिवे बाहेर काढायचे. बघत बसलं की अंगावर येते. कामाला लागलं की जमते.

तुमच्याकडची सांगा. फोटोंसाठी वेगळा धागा आहे, इथे फोटोत न येणारं.

---

टिंबटिंब | ५ ऑक्टोबर

पहिली! रुमाल टाकून ठेवते. दंताळ्याला तिकडे काय म्हणतात?

रानजाई | ५ ऑक्टोबर

हारावा. मराठीत 'हरवा'च्या जवळचं, म्हणून लक्षात राहिलं.

मॅपल_आणि_मिसळ | ५ ऑक्टोबर

मस्त लेख. आमच्या टोरोंटोला मात्र पानगळ म्हणजे जत्रा. अल्गॉन्क्विन पार्कच्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग की लोणावळ्याचा पावसाळी रविवार आठवावा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी आमचं थँक्सगिव्हिंग, त्या लांब सुटीत सगळं गाव झाडं बघायला बाहेर. शुगर मेपल पेटल्यासारखा लाल होतो. तुमचे बर्च फक्त पिवळेच का हो?

फोटोत न येणारं: पार्किंग शोधताना नवरा-बायकोत होणारी भांडणं.

खडूस_काका | ६ ऑक्टोबर

आधी भूगोल. टोरोंटो साधारण इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर आहे. धाग्याचं नाव 'उत्तरेकडची' आहे. (हलके घ्या.)

आता वनस्पतिशास्त्र. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. उन्हाळाभर हरितद्रव्य त्याच्यावर पांघरूण घालून असतं. दिवस लहान व्हायला लागले की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला उपयोगी माल, मुख्यतः नत्र, खोडात परत ओढून घेतं, आणि खालचा कॅरोटिनॉइडचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. अँथोसायनिन हे झाड शरदात नव्यानं बनवतं, आणि दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा असं हवामान असेल तर जास्त. मेपल ते जोरात करतो, बर्च जवळजवळ करतच नाही. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होतो आणि पान सुटतं. म्हणजे वारा पान तोडत नाही, झाडानं ते आधीच सोडलेलं असतं.

आणि एक मजा. तळ्याकाठी ऑल्डर असेल तर त्याच्याकडे बघा. तो हिरवीच पानं टाकतो. त्याच्या मुळांच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात, त्यामुळे पानातला नत्र परत घ्यायची त्याला गरजच नाही. श्रीमंताघरची ताटं.

शब्दवेडा | ६ ऑक्टोबर

काका, माहिती उत्तम, पण तुम्ही 'शरदात' असं लिहिलंत तिथे माझी गाडी अडली.

आपल्या शाळेच्या पुस्तकांनी त्या ऋतूला 'शरद' म्हणून एक गोंधळ करून ठेवलाय. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस संपून आभाळ निवळलेलं, नद्यांचं पाणी नितळ, धान्य घरात येतंय. आजच कोजागिरी, वर्षातलं सगळ्यात स्वच्छ चांदणं. आयुष्य मोजायचं तेही 'शतं शरदः'. शरद म्हणजे उजेड वाढल्याचा ऋतू! आणि तिकडे त्याच महिन्यांत उजेड मरतोय.

पानगळ आपल्याकडे आहे, पण ती शिशिरात, आणि तिचं कारण थंडी नसून कोरडेपणा. साग उघडा पडतो तो पाणी वाचवायला. आणि आपल्या पानगळीत शोक फारसा नसतो, कारण पळस आणि काटेसावर नेमक्या त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात. पिंपळाची जुनी पानं पडतात न पडतात तोच तांबूस कोवळी पालवी. आपल्याकडे पानगळीच्या पाठीला पाठ लावून वसंत येतो, त्यांच्याकडे पाच महिन्यांचा अंधार. दोन्हीला एकच शब्द वापरून कसं चालेल?

खडूस_काका | ६ ऑक्टोबर

मान्य. मग काय म्हणू?

शब्दवेडा | ६ ऑक्टोबर

रानजाईंनी म्हटलंय तेच. पानगळ. नाहीतर सरळ रुस्का म्हणा, आपण 'टेबल' घेतलाच ना.

रानजाई | ७ ऑक्टोबर

शब्दवेडा, 'शरद म्हणजे उजेड वाढल्याचा ऋतू' हे वाचून पहिल्या वर्षीची बेचैनी कळली. अंगाला आश्विन माहीत होता आणि डोळ्यांना भलतंच दिसत होतं. (काल कोजागिरीला ढग होते. दूध आटवलं, बाल्कनीत नेलं, अंदाजानं चंद्राच्या दिशेला धरलं आणि चार मिनिटांत आत पळालो.)

इथल्या हवामानखात्याचा पानगळीचा हिशेब एकदम कोरडा आहे. दिवसाचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं की ऋतू बदलला. शून्याच्या खाली जाऊन राहिलं की हिवाळा. रंगाचा त्यात संबंधच नाही.

नवखा_पाहुणा | ८ ऑक्टोबर

नमस्कार. धागा अगदी वेळेवर सापडला. आम्ही २० तारखेला एस्पोला येतोय, मुलगी तीन वर्षांची. कपड्यांचं काय करायचं? इथे पुण्यात जॅकेटं बघतोय, दुकानदार म्हणतो "मायनस वीसला चालतं", पण त्यानं मायनस वीस कधी पाहिलंय का शंका आहे.

औलूकर_हेमा | ८ ऑक्टोबर

नवखा, पुण्यात काही घेऊ नका! बॅगेत पोहे आणि गोडा मसाला भरा.

तुमची मुलगी पाळणाघरात जाईल आणि तिथे पोरं रोज बाहेर खेळतात. पाऊस असो, चिखल असो. तान्ही बाळं तर थंडीतही बाबागाडीत बाहेर झोपवतात, ते बघून घाबरू नका. तुम्हाला सगळ्यात आधी लागतील 'कुराहौसुत', म्हणजे रबरी चिखलपँट, खांद्यावर पट्टे आणि बुटाखालून जाणारा इलास्टिक. खाली लोकरीचा थर. या दिवसांसाठी वेगळे कपडे मिळतात, त्यांना 'वालिकाउसी' म्हणतात, दोन ऋतूंच्या मधले. मोठं जाड जॅकेट आत्ता घातलं तर पोर घामानं भिजेल आणि मग गारठेल. सगळं जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतं, लहान मुलांचे तर न झिजलेलेही मिळतात, कारण पोरं झिजवायच्या आत वाढतात. प्रत्येक कपड्यावर नाव लिहा. वीस पोरांच्या वीस निळ्या चिखलपँटी असतात.

आणि रिफ्लेक्टर. दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीला.

रानजाई | ८ ऑक्टोबर

हेमाला शंभर टक्के अनुमोदन. त्यात भर दोनच गोष्टींची. 'ड' जीवनसत्त्वाचं नर्सला किंवा डॉक्टरला विचारून ठेवा, इथे दुधातसुद्धा ते घालतात. आणि गाडी घेणार असाल तर टायरची आठवण ठेवा: नोव्हेंबर ते मार्च, हवा तशी असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. उन्हाळी टायर सांभाळायला चक्क 'टायर हॉटेल' असतात. माझ्या टायरांनी जितक्या रात्री हॉटेलात काढल्यात तितक्या मी काढलेल्या नाहीत.

कोकणचो_झील | १० ऑक्टोबर

रानात जाऊन बेरी आणता म्हणालात, तर अळंबी आणता की नाही? आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसाळ्यात वारुळाच्या कडेनं उगवतात. माझ्या आज्याला ठावठिकाणे ठाऊक होते. पहाटे कंदील घेऊन एकटाच जायचा, बापालासुद्धा सांगितलं नाही. गेला तेव्हा ती ठिकाणंही त्याच्याबरोबरच गेली.

रानजाई | १० ऑक्टोबर

झील, तुमचे आजोबा इथे सुखात राहिले असते! फिनिश माणूस पगार सांगेल, अळंबीची जागा सांगणार नाही.

इथे रानात फिरायचा, बेरी आणि अळंबी गोळा करायचा हक्क सगळ्यांना आहे, रान कुणाच्याही मालकीचं असो. फक्त लोकांच्या अंगणापासून लांब राहायचं. परक्यांनाही हा हक्क आहे, हे मला फार आवडलं. मतदानाचा हक्क मिळायच्या आधी मला अळंबीचा मिळाला.

तिसऱ्या वर्षी खालच्या आजींनी मला नेलं. गाडी त्यांनी अशी फिरवली की मला परत रस्ता सापडू नये, हे मी शपथेवर सांगते. स्प्रूसच्या अंधाऱ्या रानात, शेवाळात बोटं घालायला लावली. आधी काही दिसेना. मग एक दिसलं, आणि एक दिसलं की शंभर दिसतात. नरसाळ्यासारखी, तपकिरी टोपी, पिवळसर दांडा, आत पोकळ. सुप्पिलोवाहवेरो. नाव पाठ करायला अळंबीच्या हंगामापेक्षा जास्त वेळ लागला. ही उशिरापर्यंत मिळते, पार थंडी पडेस्तोवर.

पण आजींनी दोन गोष्टी बजावल्या. पांढऱ्या अळंबीला हातच लावायचा नाही, कारण दुकानातल्या मश्रूमसारखीच दिसणारी एक पांढरी इथे उगवते आणि ती जीव घेते. दुसरी, या सुप्पिलोच्याच शेजारी एक तांबूस-तपकिरी विषारी जात उगवते. ती मूत्रपिंडं निकामी करते, आणि त्रास लगेच न होता काही दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे माणसाला संबंधही कळत नाही. म्हणून एकेक तपासून टोपलीत. ॲपच्या भरवशावर कुणी जाऊ नका, जाणत्या माणसाबरोबर जा.

घरी येऊन लसूण, मिरी आणि लोण्यावर परतली. नवरा म्हणाला मालवणी मसाला घाल. घातला नाही. वर्षातून एकदा मिळतात, त्यांची चव त्यांना राहू दे.

वऱ्हाडी_ठेचा | १२ ऑक्टोबर

इथं नागपुरात अजून घाम निघून राह्यला, ऑक्टोबर हीट जोरात. अन् तुम्ही लोकं थंडीची तक्रार करून राह्यले. येवढाच तरास असंन तं वापस या ना!

टिंबटिंब | १२ ऑक्टोबर

ठेचाभाऊ, तक्रार कुठे दिसली? मला तर हेवा वाटतोय.

रानजाई | १२ ऑक्टोबर

नाही टिंबटिंब, त्यांचं अर्धं बरोबर आहे. तक्रार आहेच थोडी. वापस यायचा विचार दर नोव्हेंबरात येतो आणि फेब्रुवारीत, बर्फावर ऊन पडलं की जातो. नोव्हेंबरात कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही असा आमच्या घरात नियमच आहे. तिकिटं, नोकरी, घटस्फोट, काहीही.

ज्यांना तो काळ खरंच जड जातो त्यांच्यासाठी एक गंभीर गोष्ट: इथे त्या उदासीला नाव आहे, उपचार आहेत, आणि कुणी हसत नाही. माझं दुसरं वर्ष वाईट गेलं. सकाळी तीव्र प्रकाशाच्या दिव्यासमोर अर्धा तास बसायचं हे डॉक्टरनंच सांगितलं, त्याचा उपयोग झाला. आठवडाभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही तर 'हवामान आहे' म्हणून सोडून देऊ नका.

पाखरू_नाशिक | १५ ऑक्टोबर

पक्ष्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. पांढरा धोबी तुमच्याकडे दिसतो का? राखाडी-पांढरा, शेपटी सतत खालीवर. आमच्या गोदाकाठी आता यायला लागलेत, थंडी संपली की जातील.

रानजाई | १५ ऑक्टोबर

अहो, तो तर इथला लाडका! वास्ताराक्की. वसंतात तो आला की उन्हाळा जवळ आला असं मानतात. इथून सप्टेंबरात जातो. तुमच्याकडे इथलाच येतो का?

पाखरू_नाशिक | १५ ऑक्टोबर

जात तीच, पक्षी तेच नव्हेत. आपल्याकडे येणारे आशियातल्या उत्तरेकडच्या भागांतले. तुमचे मध्यपूर्वेकडे आणि आफ्रिकेकडे उतरतात. पण गंमत बघा, तुमच्याकडे तो उन्हाळ्याची वर्दी देतो आणि आमच्याकडे थंडीची.

रानजाई | १५ ऑक्टोबर

अजून एक तुमच्यासाठी. क्रौंच दक्षिणेला जाताना आकाशात जो बाणासारखा आकार करतात, त्याला इथे कुर्किआउरा म्हणतात. कुर्की म्हणजे क्रौंच, आउरा म्हणजे नांगर. क्रौंचांचा नांगर. आधी आवाज येतो, मग मान वर करून शोधायचं. ऑफिसात मीटिंग चालू असतानाही लोक खिडकीशी जातात. एरवी मीटिंगमध्ये कुणी श्वासही मोठ्यानं घेत नाही.

ध्रुवतारा | १७ ऑक्टोबर

त्रोम्सो, नॉर्वे. आमची पानं केव्हाच गेली. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येणार नाही. लोक विचारतात भीती नाही वाटत? मला तो काळ जमतो, दुपारचा निळा उजेड असतो, बर्फ असतं, उत्तरेचे दिवे (नॉर्दर्न लाइट्स) असतात. मला नको होतात हे दिवस, बर्फ यायच्या आधीचे. काळी जमीन, काळा डांबरी रस्ता, काळं पाणी. बर्फ पडलं की उजेड दुप्पट होतो. आईला फोनवर सांगितलं की मी बर्फाची वाट बघतोय, तर तिला वाटलं मुलगा गेला कामातून.

औलूकर_हेमा | १७ ऑक्टोबर

+१००. पहिलं बर्फ पडतं, वितळतं, रात्री गोठतं आणि काळ्या रस्त्यावर काच होते. दिसत नाही. माझं मनगट त्याच काचेवर गेलंय.

रानजाई | २० ऑक्टोबर

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!

आज एक फायदा लक्षात आला. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करायचं ना? इथे आज सूर्य सव्वाआठनंतर उगवला. साडेसातपर्यंत लोळून, मग निवांत तेल-उटणं लावून, सगळं शास्त्रशुद्ध. आईला सांगितलं तर म्हणाली, "नरकात तरी जाणार नाहीस."

आकाशकंदील बाल्कनीत लावलाय. खालच्या आजींनी विचारलं हा कधी काढणार? मी म्हटलं मार्चमध्ये. त्या म्हणाल्या, बरं.

मॅपल_आणि_मिसळ | २६ ऑक्टोबर

आज तुमची घड्याळं मागे गेली ना? आमची पुढच्या रविवारी.

रानजाई | २६ ऑक्टोबर

गेली. आज पावणेपाचच्या आत सूर्य मावळला. हे मागे-पुढे करणं बंद करा असं युरोपीय संसदेनं २०१९ मध्येच मत दिलं होतं, पण घोडं अजून तिथेच पेंड खातंय. सकाळी एक तास जास्त झोप, आणि संध्याकाळ गायब. पोरांना बागेतून घरी आणताना सगळीकडे नुसते रिफ्लेक्टर हलताना दिसतात. माणसं नाहीत, ठिपके.

नवखा_पाहुणा | २८ ऑक्टोबर

पोचलो. चिखलपँट घेतली. मुलगी ती काढायला तयार नाही, काल ती घालूनच झोपली. आभार!

रानजाई | २ नोव्हेंबर

काल इथे पुण्यात्म्यांचा दिवस होता. दर वर्षी ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबरच्या मधला शनिवार. लोक अंधार पडल्यावर दफनभूमीत जातात आणि थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. गेली सहा वर्षं मी बाहेरूनच बघितलं होतं. आपलं तिथे काय काम?

काल आजी म्हणाल्या, चल. कुंपणाच्या आत पाऊल टाकलं आणि थांबलेच. पाइनच्या उंच झाडांखाली जमिनीवर हजारो ज्योती, नजर पोचेल तिथवर. माणसं खूप, आवाज नाही. पोरंसुद्धा कुजबुजत होती.

मला वाटलं आजी नवऱ्याच्या थडग्यापाशी जातील. तिथे गेल्याच, पण नंतर एका कोपऱ्यातल्या दगडाशी घेऊन गेल्या. त्यांची आई व्हीपुरीकडची, कारेलियातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत युनियनकडे गेला, चार लाखांवर लोकांना घरंदारं सोडून इकडे यावं लागलं. माणसं आली, थडगी तिकडेच राहिली. म्हणून इथल्या अनेक दफनभूमींत असा दगड असतो, तिकडे राहिलेल्यांसाठी. आजींनी त्यांच्या आजी-आजोबांची मेणबत्ती तिथे लावली. त्यांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

शेजारी आणखी एक जागा होती. दुसरीकडे कुठेही पुरलेल्या, कुणाच्याही माणसांसाठी. तिथे तर दाटीच होती. आजींनी पिशवीतून अजून एक मेणबत्ती काढली आणि माझ्या हातात दिली. न विचारता, त्या रिफ्लेक्टरसारखीच.

माझी आजी २०२१ च्या मे महिन्यात वाईला गेली. मला जाता आलं नाही. दहावा फोनवर पाहिला, मध्येच रेंज गेली. तिला पुरलेलं नाही, कृष्णेत सोडलंय, पण दगडाला तेवढं चालत असावं. काडी तीनदा विझली, वारा होता. चौथीला लागली.

शब्दवेडा | २ नोव्हेंबर

…

कोकणचो_झील | २ नोव्हेंबर

आज्याची आठवण काढलात बाई.

खडूस_काका | २ नोव्हेंबर

काही लिहायला सुचत नाही. पुढच्या वर्षी तुमच्या त्या आजींना आमचाही नमस्कार सांगा. पुढच्या वर्षी कशाला, उद्याच सांगा.

रानजाई | ३ नोव्हेंबर

सांगितला. "कोण काका?" म्हणाल्या. समजावणं कठीण होतं, मग लिंगनबेरीच्या लोणच्याची बाटली देऊन विषय बदलला.

टिंबटिंब | ३ नोव्हेंबर

लोणचं?? हे इतके दिवस लपवून ठेवलंत? कृती!

रानजाई | ३ नोव्हेंबर

सोपं आहे. अर्धा किलो लिंगनबेरी धुऊन कोरड्या करायच्या. कोरड्या म्हणजे अगदी कोरड्या, सुती फडक्यावर रात्रभर. मोहरीची डाळ पाऊण वाटी, मेथी तळून कुटलेली एक चमचा, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि गूळ. तेलाची फोडणी पूर्ण गार करून वरून. बेरी थोड्या चेचायच्या म्हणजे रस सुटतो. या बेरीत मुळातच बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे नुसत्याही टिकतात, लोणचं तर वर्षभर. चव म्हणाल तर करवंद आणि आवळा यांच्या मधली. आजी उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात.

टिंबटिंब | ३ नोव्हेंबर

गूळ किती? चिरलेला की किसलेला?

रानजाई | ३ नोव्हेंबर

चिरलेला, एक वाटी. तुमच्याकडे करवंदं असतील तर अर्धीच.